कावड, मनीऑर्डर आणि व्हिसा

(व्याख्यानमालेतील तिसऱ्या पुष्पाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे संयोजकांनी ‘यंदा इतिहासाच्या अंगानं काहीतरी बोला’ असं सांगितलं तेव्हा जरा बिचकलोच. इतिहासाची माणसं पुरावा मागतात, आमच्या विषयात नुसत्या शंकेवर भागतं. (हशा) पण विषय मात्र आपसूक मिळाला. आमच्या सोसायटीतला एक तरुण. त्याला बंगळुरूला चांगली नोकरी लागली. घरात तो, बायको आणि आई. आईला मधुमेह, गुडघे गेलेले, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. तो पेढे घेऊन आला आणि पेढे ठेवता ठेवता म्हणाला, “सर, आईला बरोबर नेऊ की इथंच सोय करू? काहीही केलं तरी लोक बोलणारच.”

आम्ही त्याला लगेच उत्तर दिलं नाही. कारण हाच प्रश्न एकदा आमच्यापुढे आला होता आणि त्याचं उत्तर आम्ही फार घाईनं दिलं होतं. ते पुढे सांगू. आज एवढंच तपासायचं आहे, की हा प्रश्न आला कुठून? कामासाठी गाव सोडणारा माणूस आजारी आईबापांचं काय करत आला? आणि ‘लोक बोलणारच’ मधले लोक जे बोलतात, त्याला इतिहासाचा आधार किती?

आपल्याकडे या विषयावर बोलणं निघालं, की पहिलं नाव येतं श्रावणबाळाचं. आंधळे आईबाप कावडीत बसवून यात्रेला निघालेला मुलगा. दुसरं नाव पुंडलिकाचं. त्याची जी कथा आपण कीर्तनातून ऐकतो, तिच्यात तो आधी काशीच्या वाटेवर आईबापांना पायी चालवतो, पुढे डोळे उघडतात आणि मग असा सेवेला बसतो की प्रत्यक्ष देवाला विटेवर थांबावं लागतं. म्हणजे आपल्यापुढे दोन नमुने आहेत. एक बरोबर नेणाऱ्याचा, एक जवळ राहणाऱ्याचा. पण मंडळी, एक गोष्ट लक्षात घ्या. या दोघांपैकी कामासाठी कुणीच निघालेलं नाही. श्रावण यात्रेला चालला होता. त्याला सकाळी सातच्या पाळीला हजर व्हायचं नव्हतं. पोटासाठी परमुलखात गेलेल्या मुलानं आजारी बापाचं काय करावं, याचा नमुना या कथांमध्ये नाही. तो गेल्या दीड-दोनशे वर्षांत माणसांनी आपापला घडवला, आणि त्याची कथा कुणी सांगितली नाही.

ती आपण मुंबईपासून सुरू करू. कावसजी दावरांनी १८५४ साली ताडदेवला कापडगिरणीची स्थापना केली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत गिरणगाव उभं राहिलं. त्या गिरण्यांत सर्वांत मोठा गट होता रत्नागिरी जिल्ह्यातला, म्हणजे आजचा सिंधुदुर्गही त्यात धरा. भाताची खाचरं लहान, वाटण्या होऊन आणखी लहान झालेली, आणि वर्षाचं पोट भरायला पुरत नाहीत, म्हणून घरटी एक-दोन पुरुष मुंबईला. त्यांनाच पुढे चाकरमानी म्हणू लागले.

आता हा चाकरमानी राहायचा कसा? आकडा बघा. १९२१च्या जनगणनेत मुंबई शहरात हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या सव्वापाचशेच्या आसपास. शहर पुरुषांचं होतं. एका खोलीत गावचे दहा-पंधरा जण, पाळीप्रमाणे झोपायचे. रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्यानं वळकटी गुंडाळायची. जेवण खानावळीत. १९२०च्या दशकात सरकारनं वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडीला ज्या बीडीडी चाळी बांधल्या, त्यातली खोली साधारण १६० चौरस फुटांची आणि संडास सामायिक. अर्धांगवायू झालेला बाप या खोलीत कुठे ठेवायचा? शिफ्ट संपवून आलेल्या माणसाच्या वळकटीवर? खोलीच्या आकारानंच प्रश्नाचा निकाल लावून टाकला होता. मुलाचं प्रेम किती, ही बाब पुढची.

म्हणून आईबाप गावी राहिले. पण ते एकटे राहिले का? नाही. इथे आपल्या आठवणीत एक मोठी गफलत आहे, ती दुरुस्त केली पाहिजे. आपण म्हणतो, पूर्वी म्हाताऱ्यांना एकत्र कुटुंब सांभाळायचं. कुटुंब म्हणजे कोण? चाकरमान्याची बायको. नवरा परळला, ती गावी. शेत तिनं लावायचं, गुरं तिनं बघायची, सासऱ्याला उठवणं-बसवणं तिनं, सासूच्या दम्याला काढा तिनं. नवरा वर्षातून दोनदा यायचा, गणपतीला आणि शिमग्याला. फार तर लावणीला रजा मिळाली तर तिसऱ्यांदा. त्याचं कर्तव्य पोस्टमन घेऊन यायचा. भारतात टपाल खात्यानं मनीऑर्डर सुरू केली १८८० साली, आणि कोकणातल्या घराचं सगळं गणित तिच्यावर बसलं. श्रावणाची कावड आणि पुंडलिकाची वीट यांच्या जोडीला हा तिसरा नमुना आला, मनीऑर्डरचा. पैसे मुलानं पाठवायचे आणि सेवा सुनेनं करायची. पुण्य मुलाच्या खात्यावर, आणि वीस-वीस वर्षं नवऱ्याविना काढलेला संसार सुनेच्या खात्यावर. जुन्या काळची थोरवी गाताना ही दुसरी वही आपण उघडत नाही.

सरकारला हे ठाऊक नव्हतं असं समजू नका. १९३१ साली कामगारांच्या स्थितीवरच्या रॉयल कमिशनचा अहवाल आला, व्हिटली कमिशन म्हणतात ते. त्याचा सूर असा, की कामगाराची गावाशी असलेली नाळ हा ठेवा आहे. ती तोडू नका, ती नियमित करा. बरोबरच होतं, गाव होतं म्हणून आजारपणात आणि म्हातारपणात माणसाला परत जायला जागा होती. पण त्याची दुसरी बाजू काय? गिरणीनं माणसाची उमेदीची वर्षं घ्यायची, आणि त्याचं बालपण, आजारपण, म्हातारपण आणि त्याच्या आईबापांचं म्हातारपण हा सगळा खर्च गावानं उचलायचा. एका पैचंही पेन्शन न देता उद्योगाला हे सगळं मिळत होतं.

हे फक्त गिरण्यांपुरतं नव्हतं. याच रत्नागिरी भागातून माणसं बोटीत बसून मॉरिशसला गेली. १८३४ पासून तिथल्या उसाच्या मळ्यांवर करारानं हिंदी मजूर नेले जाऊ लागले. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट आज जागतिक वारसा म्हणून जपला आहे. त्या धक्क्यावर साडेचार-पाच लाख माणसं उतरली, त्यांत मराठीही होते आणि त्यांचे वंशज तिथे अजून गणपती बसवतात. करार पाच वर्षांचा, तपासणी डॉक्टरांची, आणि पाहिजे होतं धडधाकट शरीर. मळेवाल्याला ऊस तोडायला माणूस हवा होता, त्याचा बाप नव्हे. त्या काळात एवढ्या लांब जाताना आईबापांचा निरोप घेतला तो बहुतेकांनी कायमचाच.

आणि उसाचा विषय निघालाच आहे तर आजच्या उसाकडेही बघा. बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या भागातून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीची माणसं निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. तिथे मजूर मोजतात तो ‘कोयता’ या मापानं, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. शब्दच सांगतो बघा. मापात जोडपं आहे, म्हातारी नाही. म्हातारी माणसं मागे राहतात, नाहीतर ट्रॅक्टरमध्ये बसून कोपीवर जातात, तान्ह्या पोरांना सांभाळायला. ज्याच्या अंगात अजून थोडं काम शिल्लक आहे तो बरोबर येतो. ज्याला स्वतःलाच सांभाळावं लागतं, तो गावात, शेजाऱ्याच्या भाकरीवर. मुलांची शाळा बुडू नये म्हणून हंगामी वसतिगृहं निघाली, ती फार चांगली गोष्ट झाली. पण पाच-सहा महिने मागे पडलेल्या आजारी म्हाताऱ्याचं काय, हा प्रश्न तितक्या जोरानं कुणी विचारलेला आम्ही ऐकला नाही.

इथे कोकणातल्या आणि बीडमधल्या गोष्टीत एक फरक पडला, तो पकडून ठेवा. कोकणात नवरा गेला, बायको राहिली, त्यामुळे म्हाताऱ्यांना कुणीतरी होतं. ऊसतोडीला दोघंही जातात. आज पुण्या-बंगळुरूला, अमेरिकेलाही दोघं जातात. सून गाव सोडून गेली, किंवा तिला स्वतःची नोकरी आली, तेव्हा ‘आईला बरोबर न्यायचं का’ हा प्रश्न पहिल्यांदा खऱ्या अर्थानं उभा राहिला. तो मुलं बिघडल्यामुळे आलेला नाही. आधी जे काम सून बिनबोभाट करत होती, ते करायला आता घरात कुणी नाही, म्हणून आलेला आहे.

आता थोडं कायद्याकडे. कुटुंब कशाला म्हणायचं, हे आपल्याला वाटतं आपण ठरवतो. प्रत्यक्षात बऱ्याचदा ते कलम ठरवतं. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा झाला. मोठाच कायदा. त्यात ‘कुटुंब’ या शब्दाची व्याख्या केली. जोडीदार, अज्ञान मुलं, आणि विमेदार पुरुष असेल तर त्याचे अवलंबून असलेले आईवडील. शब्द नीट ऐका, पुरुष असेल तर. गिरणीत काम करणाऱ्या बाईचे आईबाप तिच्या कुटुंबात नव्हते. पुढे दुरुस्ती होऊन हा भेद गेला. आजारी आईबापांच्या पोटगीचंही तसंच. १८९८च्या फौजदारी संहितेत पोटगी होती ती बायकोला आणि मुलांना. १९७३च्या संहितेत १२५व्या कलमात प्रथम आईवडील आले. आणि विवाहित मुलीवरही ही जबाबदारी आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं १९८७ साली, तेही महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात. पुढे २००७चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आला. म्हणजे पोटच्या पोरानं सांभाळावं, हे आपण हजारो वर्षं म्हणत आलो, पण ते फौजदारी संहितेत लिहून ठेवायची वेळ १९७३ साली आली.

गंमत अशी, की देशातला कायदा मुलाला म्हणतो, सांभाळ. आणि मुलगा परदेशी गेला, की तिथला कायदा म्हणतो, आणू नकोस.

अमेरिकेचं उदाहरण घेऊ, कारण तिथली दारं कशी बनली हे स्पष्ट दिसतं. १८८२च्या कायद्यानं ठरवलं, की जो स्वतःची काळजी स्वतः घेऊ शकत नाही आणि सरकारी खर्चावर ओझं होईल, त्याला उतरू द्यायचं नाही. १८९१ साली त्यात घातक संसर्गजन्य रोगाची भर पडली. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कच्या बंदरात एलिस बेट सुरू झालं. पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशांची तपासणी बोटीवरच, सभ्यपणे. तळातल्या वर्गाचे प्रवासी मात्र बेटावर. जिना चढायचा आणि वर डॉक्टर बघत उभे. धाप लागते का, लंगडतोय का, डोळे कसे आहेत. संशय आला की कोटावर खडूनं अक्षर काढायचे. हृदयाला एक, पायाला एक, डोळ्याला एक. परत पाठवलेल्यांचं प्रमाण शेकडा दोनच्या आसपास. ऐकायला थोडंच वाटतं. पण त्या दोघांत एखादी आजी असली, की अख्ख्या कुटुंबानं तिथंच, त्या बाकावर बसून ठरवायचं, तिच्याबरोबर परत कुणी जायचं. हे रशियातले ज्यू, इटलीतले शेतकरी. आपल्या लोकांवर तर १९१७च्या कायद्यानं दारच लावून घेतलं होतं.

ते नीट उघडलं १९६५ साली. नव्या कायद्यानं अमेरिकी नागरिकाच्या आईवडिलांना संख्येची मर्यादा न लावता यायची मुभा दिली. आपले पहिले डॉक्टर, इंजिनियर त्यानंतर गेले आणि त्यांतल्या काहींनी आईवडील नेलेही. पण ही मुभा नागरिकालाच आहे. १९९०च्या कायद्यानं एच-वन-बी व्हिसा आला, त्यावर जाणाऱ्याबरोबर जाऊ शकतात ते जोडीदार आणि एकवीस वर्षांखालची मुलं. आईवडील ‘पाहुणे’. सहा महिने यायचं, परत जायचं. प्रवासी विम्यात आधीपासूनचा आजार सहसा बसत नाही. ग्रीन कार्ड मिळालेल्या वृद्धाला तिथल्या सरकारी मेडिकेअरमध्ये शिरायला साधारणपणे पाच वर्षं काढावी लागतात. आता सत्तरीतल्या हृदयरोग्यानं ती पाच वर्षं कशाच्या भरवशावर काढायची?

आपल्याकडे याला गमतीनं ‘बाळंतपणाचा व्हिसा’ म्हणतात. (हशा) हसा, पण त्यात कोपीवरच्या आजीची गोष्ट आहे की नाही सांगा. हातपाय चालताहेत तोवर सुनेच्या बाळंतपणाला या, नातवंडांना सांभाळा. हातपाय थकले की भारतात बरं. मुलं असं ठरवून वागतात असं आम्ही म्हणत नाही, व्हिसा आणि विमा त्यांच्याकडून तसं वागवून घेतात.

कॅनडानं २०११च्या डिसेंबरात सुपर व्हिसा काढला. येऊ द्या, पण खासगी आरोग्य विमा किमान एक लाख डॉलरचा हवा. ऑस्ट्रेलियात एक चाचणी आहे, निम्मी तरी मुलं ऑस्ट्रेलियात हवीत, किंवा दुसऱ्या कुठल्याही एका देशापेक्षा तिथे जास्त हवीत. दोन मुलगे भारतात आणि एक मेलबर्नला, तर आई नापास. आता मुलं काही व्हिसा बघून जन्माला घातलेली नसतात.

पण सर्वांत विचार करायला लावणारा नियम ब्रिटनचा. ९ जुलै २०१२ पासून तो लागू झाला. तिथे स्थायिक झालेल्या मुलाला आईला आणायचं असेल, तर दोन गोष्टी सिद्ध करायच्या. एक, आईला वयामुळे किंवा आजारामुळे आंघोळ-जेवणासारख्या रोजच्या गोष्टींनाही दीर्घकाळ दुसऱ्याची मदत लागते. दोन, ती मदत मायदेशी, मुलानं पैसे पाठवूनसुद्धा, मिळू शकत नाही. आणि शिवाय, सरकारी पैशाला हात न लावता तिला सांभाळायची ऐपत मुलात आहे. नीट पाहिलंत तर यात तर्काचा पेच आहे. ज्या मुलाची ऐपत आहे, तो भारतात बाई ठेवू शकतो, म्हणून नकार. ज्याची नाही, त्याला ऐपत नाही म्हणून नकार. आई हिंडती-फिरती असेल तर गरज नाही म्हणून नकार, आणि अंथरुणाला खिळली तर विमानात बसवायची कशी? तिथल्या डॉक्टरांच्या संघटनांनी आक्षेप घेतला, २०१७ साली अपील न्यायालयानं नियम कायम ठेवला. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत आपले कितीतरी मराठी डॉक्टर आहेत. दिवसभर दुसऱ्यांच्या आईला तपासायचं आणि रात्री फोनवर स्वतःच्या आईला विचारायचं, गोळी घेतलीस का.

कान्टच्या नावानं एक तत्त्व ओळखलं जातं. एखादी गोष्ट कर्तव्य आहे असं म्हणायचं, तर ती करता येणं शक्य असलं पाहिजे. चाळीच्या खोलीनं, विम्याच्या कलमानं, व्हिसाच्या नियमानं जे अशक्य करून ठेवलं, त्याचा दोष मुलाच्या काळजावर टाकणं हा अन्याय आहे. पण थांबा. यातून मुलं सुटली असं समजू नका. तत्त्वाची दुसरी बाजू अशी, की जे शक्य होतं आणि केलं नाही, त्याला सबब नाही. आणि इथे आम्हाला स्वतःबद्दल बोललं पाहिजे.

आम्ही देवरुखच्या अलीकडच्या एका खेड्यातले. १९७५ साली मुंबईच्या उपनगरात एका महाविद्यालयात अधिव्याख्याता म्हणून लागलो. डोंबिवलीत दीड खोली. पत्नी शाळेत शिक्षिका. १९८१च्या पावसाळ्यात वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. आई आधीच गेलेली. आम्ही गेलो, घराला कुलूप लावलं, गाय शेजाऱ्याला दिली आणि नानांना एसटीत बसवून डोंबिवलीला आणलं. दोन जिने. चाळीतल्या पोरांनी खुर्चीत बसवून वर नेलं. सगळ्यांनी आमचं कौतुक केलं, आजच्या काळातला श्रावण म्हणून. आम्हाला ते आवडलंही.

मग रोजचं सुरू झालं. आम्ही सकाळी सहाची लोकल पकडायचो, पत्नीची शाळा साडेदहाची. साडेदहा ते एक नाना एकटे. दाराला बाहेरून कुलूप, किल्ली शेजारच्या काकूंकडे. संडास गॅलरीच्या टोकाला, म्हणून खोलीत भांडं. गावात असताना पडवीत बसून रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला ‘खंय चाललास रे’ विचारणारा माणूस, त्याला समोर दिसायची पलीकडच्या चाळीची भिंत. त्यांचं बोलणं जड झालं होतं, पण एक प्रश्न स्पष्ट यायचा, “पालखी कधी?” शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घराघरांत येते, ती. आम्ही म्हणायचो, बरे व्हा, मग जाऊ. एका दुपारी ते खाटेवरून पडले. काकूंना आवाज ऐकू आला, पण त्या दिवशी किल्ली चुकून पत्नीच्या पर्समध्ये राहिली होती. पाऊण तास ते जमिनीवर होते. चौदा महिने ते आमच्याकडे होते. मधे एक शिमगा येऊन गेला. आम्हाला पेपर तपासायचे होते.

आम्ही त्यांना आणलं यात चूक झाली का, हा प्रश्न आम्ही चाळीस वर्षं उलटून पाहिला. गावी कुणी नव्हतं, दवाखाना लांब. आणायलाच हवं होतं कदाचित. चूक वेगळी होती. आम्ही त्यांना विचारलं नव्हतं. हिशेब मांडले, डॉक्टरांना विचारलं, भावकीला विचारलं, नानांना नाही. गावात सकाळ-संध्याकाळ एक माणूस ठेवून त्यांना तिथंच राहायला आवडेल का? आमच्याकडे यायचं तर निदान शिमग्याला न्यायचं, एवढं कबूल करू का? हे शक्य होतं. त्याला कुठला कायदा आड आला नव्हता, खोलीचं क्षेत्रफळही नाही.

आता फासा उलटा पडला आहे. आमचे चिरंजीव इंग्लंडमध्ये इंजिनियर आहेत. आमच्या सौभाग्यवतींना सहा वर्षांपासून कंपवात आहे. मघाशी सांगितलेला नियम आम्हाला पाठ आहे तो त्यामुळे. (हशा) मागच्या वर्षी तो आला होता. तो वकिलाकडून सगळं समजून आला होता, अर्ज टिकणार नाही हे त्याला ठाऊक होतं. तरी त्यानं आईसमोर बसून विचारलं, “आई, तुला काय हवंय? मी परत येऊ? की तुम्ही इथंच राहाल आणि मी वर्षातून दोनदा येईन? की वाट बघून अर्ज करू?” ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “इथंच. पण रविवारचा फोन तू कर. बाबांना देऊ नकोस, ते मला बोलू देत नाहीत.” (हशा) तिला काय हवं होतं ते आम्हालाही त्या दिवशीच कळलं.

म्हणून सोसायटीतल्या त्या तरुणाला आम्ही जे सांगितलं, तेच इथे सांगून थांबतो. न्यावं की ठेवावं, याचं एकच पवित्र उत्तर आपल्या परंपरेत नाही. श्रावणाची कथा आपण अर्धीच सांगतो. तो पाणी आणायला गेला, दशरथाचा बाण लागला, आणि पाठोपाठ आईबापांनीही प्राण सोडले. सगळा भार एकाच खांद्यावर असला की खांदा गेल्यावर काय होतं, तेही त्या कथेत आहे. म्हणून एक, खांदे वाढवा. बहीण, भाऊ, शेजारी, पगारी मदतनीस, कुणाला लाजू नका, आणि सगळं बायकोवर टाकून स्वतः मनीऑर्डर करणारे होऊ नका. दोन, नेणार असाल तर नोकरीच्या पत्रावर सही करण्याआधी तिथलं डायलिसिस केंद्र किती लांब आहे, कंपनीच्या विम्यात आईवडील बसतात का, घराला लिफ्ट आहे का, ते बघा. आणि तीन, हे सगळं ठरवण्याआधी आईसमोर बसा आणि तिला विचारा. तिची पालखी कुठली आहे ते विचारा.

तो तरुण गेल्या महिन्यात बंगळुरूला गेला. आई तूर्त इथंच आहे, मुलीकडे. त्यानं तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, डायलिसिसच्या इथल्या नर्सची सवय झाली आहे, उन्हाळ्यानंतर बघू. उन्हाळ्यानंतर काय होईल ते त्यांचं ते ठरवतील.